सोलो बसवणे ही नक्कल आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जॅझ पियानोवादक विंटन केलीवरील माझ्या लेखावर आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप असा की, माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधील 'फ्रेडी फ्रीलोडर' या रचनेतला केलीचा पियानो सोलो, म्हणजे त्याने ऐनवेळी रचत वाजवलेला भाग, ऐकून जसाच्या तसा बसवायला सांगून मी विद्यार्थ्यांना पोपटपंची शिकवत आहे. ज्या संगीताचा प्राणच उपज, म्हणजे ऐनवेळचे सुचणे, आहे, तिथे दुसऱ्याची उपज घोकण्यात अर्थ नाही. आणि घोकायचीच असेल तर छापील स्वरलेखन हाताशी असताना कानाला महिनेच्या महिने का शिणवायचे? आपल्या मुलाने पुस्तकावरून दोन सोलो बसवले, पण ते संपले की त्याचे हात थबकतात, असेही आपण लिहिले आहे. आपण अनेक वर्षे ख्याल शिकला आहात, म्हणून काही ठिकाणी आपल्याच परिभाषेत बोलतो.

आपले एक म्हणणे मी आधीच मान्य करतो. सोलो बसल्यावर पुढे काय करायचे, हे माझ्या लेखात नव्हते, आणि ते न सांगता केवळ 'बसवा' म्हणणे ही मोठी उणीव होती. मात्र बसवणे म्हणजेच नक्कल, हे मला पटत नाही. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९३७ च्या उन्हाळ्यात मिसुरीतील ओझार्कच्या डोंगराळ भागात राहून लेस्टर यंग या ज्येष्ठ सॅक्सोफोनवादकाचे सोलो रेकॉर्डवरून बसवले होते, तरी पुढचा पार्कर ऐकताना कोणाला यंगची नक्कल आठवत नाही. गिटारवादक वेस माँटगोमेरी चार्ली ख्रिश्चनचे गिटारचे सोलो पाठ करून तेच मैफलीत वाजवत असे. त्याची स्वतःची वाट त्यानंतर फुटली. पियानोवादक आणि शिक्षक लेनी ट्रिस्टानो तर शिष्यांना गाजलेले सोलो वाद्यावर घेण्याआधी रेकॉर्डबरोबर गायला लावत असे, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचे मर्म त्या गाण्यातच आहे.

कारण छापील कागदावर जे उतरत नाही, तेच शिकायचे असते. केलीच्या ओळी कागदावर सारख्या लांबीच्या अर्ध्या अर्ध्या मात्रांत लिहिलेल्या असतात आणि वर 'स्विंग' एवढा एक शब्द असतो. प्रत्यक्षात जोडीतला पहिला स्वर लांबतो, दुसरा आखडतो, आणि हे प्रमाण लयीप्रमाणे, कधी कधी एकाच ओळीत, बदलत राहते. ड्रमवादक जिमी कॉबच्या झांजेच्या ठोक्याशी तो स्वर कुठे बसला, हे कानालाच कळते. दुसरे उदाहरण अगदी बोटाचे आहे. ही रचना बी फ्लॅटमधली, म्हणजे पेटीवरच्या काळी पाच या पट्टीला षड्ज. केलीच्या वादनात वारंवार ऐकू येणारा कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर येणारा कण, म्हणजे ओझरता स्पर्शस्वर, इथे काळी एकवरून पांढरी दोनवर, एकच बोट घसरवून घेता येतो. पुस्तकात त्या जागी बारीकसा काट मारलेला स्वर दिसतो. तो किती चटकन निसटतो, घसरताना बोटाचे वजन कुठे पडते, हे तिथे दिसत नाही. कण आणि मुरकी नोटेशनवरून शिकलेला गायक आपल्याला कसा वाटेल, हे मी आपल्याला सांगायला नको.

केवळ स्केल (स्वरमालिका) आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) शिकून सुरुवात करावी, या आपल्या सूचनेबद्दलही थोडे लिहितो. याच रचनेत १२ बारांचे (एक बार चार मात्रांचा), म्हणजे ४८ मात्रांचे आवर्तन आहे. साध्या ब्लूजमध्ये, म्हणजे या बारा बारांच्या नेहमीच्या घाटात, अखेरच्या दोन बारांत षड्जाच्या कॉर्डवर परततात. इथे त्या जागी ए फ्लॅट सेव्हन्थ ही कॉर्ड येते, म्हणजे ज्या ठिकाणी घर दिसायला हवे, तिथे कोमल निषादावर उभे राहावे लागते. ब्लूजचे स्केल घोटलेला हात सवयीने षड्जाकडे धावतो. केली त्या दोन बारांतून पुढच्या आवर्तनात कसा शिरतो, हे चार-सहा दिवस गाऊन पाहिल्यावरच माझ्या हाताची ती धाव थांबली. नियम मला आधीपासून माहीत होता.

कानावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक खबरदारीही सांगतो. ही रचना ज्या सत्रात मुद्रित झाली, त्या २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित हळू चालले होते, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू वर्षानुवर्षे चढ्या स्वरात वाजत राहिली आणि १९९२ च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. माझ्याकडे जुन्या आवृत्तीची कॅसेट होती. पियानोशी ती जुळेना, म्हणून मी कित्येक आठवडे स्वतःच्या कानालाच दोष देत होतो. आपल्या मुलाच्या हाती दुरुस्त आवृत्तीच असू द्या.

आता लेखात राहिलेला भाग. सोलो बसला की त्यातला दोन बारांचा एकच तुकडा निवडावा. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून तोच तुकडा एक मात्रा उशिरा सुरू करावा, मग त्याचा शेवट बदलावा, मग पहिल्या दोन बारांत केलीचा तुकडा आणि पुढच्या दोन बारांत आपले उत्तर, असे आवर्तनामागून आवर्तन वाजवावे. त्यानंतर षड्ज बदलावा. पांढरी एकला तो गंधाराचा कण तसाच घसरतो, पण पांढरी तीनला कोमल गंधार पांढऱ्या पट्टीवर आणि शुद्ध गंधार काळीवर येतो, एक बोट घसरवून चालत नाही, दोन बोटे लागतात आणि त्या वाक्याचा बाजच बदलतो. तिथे विद्यार्थ्याला पहिल्यांदा स्वतः काहीतरी ठरवावे लागते. बंदिश पक्की झाल्यावर तिच्या मुखड्याभोवती बढत करायला आपल्याला शिकवले गेले असेल, त्याहून ही रीत फार वेगळी नाही.

आपल्या मुलाचे हात सोलो संपल्यावर थबकतात, याचे कारण मला त्याने तो डोळ्यांनी बसवला यात दिसते. त्याला पुस्तक मिटायला सांगा आणि पियानोपासून दूर बसून रेकॉर्डबरोबर पहिले आवर्तन गाऊ द्या. जिथे त्याचे गाणे पुटपुटण्यावर येईल, ती जागा खुणेने नोंदवा. बोटांना पाठ असली तरी ती जागा त्याच्या कानात अजून उतरलेली नसते. उद्याचा रियाज तिथून सुरू करावा, आणि दुसरे आवर्तन पहिले पूर्ण गाता येईपर्यंत उघडू नये.