आप्पा, केळी आणि माझं पोतं

काल दुपारी अडीच वाजता गल्लीची विजेची डीपी उडाली आणि माझे तीन तास पाण्यात गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

झालं होतं एवढंच, की कॉम्प्युटरवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती टाकायच्या आधी जुन्या सिस्टीमचा बॅकअप घेत होतो. ४० जीबीचा ऐवज. फायली एकत्र बांधणाऱ्या टारला त्या दाबून लहान करणारं एक्सझेड जोडलं आणि कंजूषपणाचा झटका येऊन दाबायची लेव्हल दिली थेट ९, म्हणजे सगळ्यात वरची. एक्सझेडच्या माझ्या जुन्या आवृत्तीत प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावायचे तर तसं वेगळं सांगावं लागतं, ते मी विसरलो. त्यामुळे चारांपैकी एक कोअर घाम गाळतोय आणि उरलेले तिघं लग्नातल्या व्याह्यांसारखे बसून.

तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. आप्पा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेत. भुसावळचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडे वाळ्याचा कूलर आहे, त्यामुळे अकरानंतर आप्पाही आमच्याकडेच असतात.

"काय करू राह्यला रे भाऊ?"

"बॅकअप, आप्पा. सगळं दाबून एका फायलीत बांधतोय."

"किती झालं?"

आता हा टार टक्के सांगत नाही. काळ्या पडद्यावर नुसती कांडी लुकलुकते. तसं मी सांगितलं. आप्पांनी खुर्ची सरकवून त्या कांडीकडे दहा मिनिटं टक लावून पाहिलं. मग म्हणाले, "अन् इतकं दाबू कायले राह्यला?"

"जागा वाचते."

"डिस्क केवढी हाये?"

"एक टीबी."

"भरली?"

"नाही... अर्धी रिकामी आहे."

यावर आप्पा काही बोलले नाहीत. पंच्याने मान पुसली आणि सावद्याच्या धक्क्यावरच्या दिवसांची आठवण काढली. दिल्लीला जायची केळी. वॅगन लागली की घड घालायचे आणि गाडी सोडायची. एकदा म्हणे कुणा हुशाराने चार घड जास्त कोंबण्यासाठी दोन तास घालवले. "दिल्लीले काय पोचलं, म्हाईत हाये? शिकरण!" मग माझ्याकडे बघून, "तुही केळी पिकतीन, भाऊ."

मी हसलो. हसायला नको होतं. अडीचला फट्‌ आवाज झाला, कूलर थांबला, पडदा काळा. यूपीएसची बॅटरी मार्चमध्येच गेली होती. बदलायची राहिली, तो दोष माझाच. पण लाईट? वायरमनला फोन केला तर म्हणे डीपीवर लोड आलाय. मे महिन्यात लोड येणार हे पंचांग न बघताही कळतं. दरवर्षी तीच डीपी आणि तेच उत्तर, वर बिल मात्र तारखेला हजर. विजेची इतकी खात्री असती तर मी लेव्हल २० मागितली असती.

साडेपाचला लाईट आली. अर्धवट फाईल तपासली तर 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ इनपुट', म्हणजे फाईल अचानक मध्येच संपलेली. अनएक्स्पेक्टेड फक्त मलाच होता; आप्पांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तोवर त्यांनी ते पानाच्या टपरीपर्यंत पोचवलंही होतं. संध्याकाळी दूध आणायला गेलो तर पोरं विचारतायत, "काका, पोतं बांधून झालं का?"

रात्री निमूटपणे एक्सझेड काढून झेडस्टँडर्ड हे दाबायचं दुसरं साधन लावलं, नेहमीच्या लेव्हल ३ वर. या झेडस्टँडर्डची १.० आवृत्ती आली २०१६ मध्ये, आणि जळगावच्या केळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही त्याच वर्षी. आठ वर्षांहून जास्त काळ दोन्ही डोळ्यांसमोर होती; मी फक्त केळी खाल्ली. सात मिनिटांत काम खलास. फाईल २० जीबीची. गेल्या महिन्यात एक्सझेडने रात्रभर रगडून केली होती ती १७ ची. म्हणजे तीन जीबीसाठी मी कूलरसमोर तीन तास उकडून घेतलं. त्यातही बरेच फोटो आणि व्हिडिओ, जे आधीच दाबलेले असतात. त्यांना कितीही पिळा, थेंब निघत नाही.

आज सकाळी आप्पा आले. म्हटलं, आता बघाच. मुद्दाम त्यांच्यासमोर पुन्हा बॅकअप लावला. आप्पांनी चष्मा पुसला, चहा घेतला, कालच्या डीपीला शिव्या घातल्या, आणि कप खाली ठेवेपर्यंत काम संपलं.

"झालं?"

"झालं."

"इतक्यात?"

फाईल तपासून दाखवली, एकही चूक नाही. आप्पा पडद्याजवळ वाकले, मग मागे टेकले.

"सैल बांधलं असशीन," म्हणाले, आणि ते सांगायला टपरीकडे निघाले.