खुलासा: ‘सिमेंटचा खुबा दहा वर्षांत सुटतो’ हे खरं नाही

‘सिमेंट लावून बसवलेला खुबा दहा वर्षांत हमखास सुटतो, सिमेंट आत विरघळतं,’ असा मेसेज फिरतोय. वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल, म्हणून लिहितोय.

कृत्रिम खुबा हाडात बसवायला वापरतात ते हे सिमेंट म्हणजे पीएमएमए, एक प्रकारचं ॲक्रिलिक. पावडर आणि द्रव कालवला की कणकेसारखा गोळा होतो, तो गरम होत दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखा घट्ट बसतो. तो विरघळत नाही. शिवाय तो गोंदासारखा चिकटवत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून पकड घेतो. ब्रिटिश सर्जन जॉन चार्न्ली यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रुळवली. तेव्हा बसवलेले काही खुबे पंचवीस वर्षांनंतरही नीट चालत होते.

मग सांधा सैल का होतो? बऱ्याचदा कृत्रिम सांध्याचा गोळा जिच्यात फिरतो त्या वाटीतलं प्लास्टिक झिजतं, त्याच्या सूक्ष्म कणांमुळे शरीर भोवतालचं हाड खाऊ लागतं. आताचं प्लास्टिक खूपच कमी झिजतं.

एक्स-रेत मांडीच्या हाडात बसवलेला सांध्याचा गुळगुळीत, निमुळता दांडा पहिल्या एक-दोन वर्षांत मिलिमीटरभर खाली सरकलेला दिसला, तर घाबरू नका. त्याची रचनाच तशी असते. मात्र जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखू लागलं, तर लगेच दाखवा.