समुद्र तिथूनही दिसत होता

"मला फक्त समुद्र दाखव," असं आत्या म्हणाली तेव्हा मँचेस्टरमध्ये चक्क ऊन पडलं होतं. ऊन पाहून बेत करणारा माणूस इथे नवखा तरी असतो किंवा मूर्ख तरी. मला इथे येऊन बारा वर्षं झाली आहेत.

गाव ठरलं वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं लँडुडनो. म्हणजे आपण लँडुडनो म्हणतो. वेल्शमधला जोडीचा 'एल' उच्चारायला तोंडात गरम बटाटेवडा धरून 'ल' म्हणावं लागतं. मला बारा वर्षांत जमलेलं नाही. आत्याला गाडीतच जमलं.

स्टेशनबाहेर पडताच तिने विचारलं, "हा अराफ कोण रे? रस्त्यारस्त्यावर नाव रंगवलंय. निवडणुकीला उभा आहे का?"

"आत्या, अराफ म्हणजे सावकाश. गाड्यांसाठी आहे."

सावकाशच जावं लागलं, कारण वारा. इथला पिअर, म्हणजे समुद्रात काढलेला लाकडी फळ्यांचा धक्का, १८७७ सालचा. लांबी सातशे मीटर, वेल्समध्ये सगळ्यांत जास्त. दहाव्या मीटरला छत्री उलटी झाली. आत्याने पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, त्यावर माझं जॅकेट चढवलं आणि निघाली. मी शर्टावर. टोकाला पोचल्यावर म्हणाली, "इथून काय दिसतं?"

"समुद्र."

"तो तिथूनही दिसत होता."

परत येऊन बाकावर बसलो. माझ्याकडे फिश अँड चिप्स, तिच्याकडे घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सीगलपासून सावध राहा अशी पाटी मी तिला मराठीत समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागून झडप आली आणि मासा गेला. दुसऱ्या सीगलने दशमी उचलली, दोन पावलांवर टाकली आणि माझ्या चिप्सकडे वळला. आत्याचा चेहरा पडला. "तुपातली होती," एवढंच म्हणाली.

तिची समजूत काढायला ग्रेट ऑर्मच्या डोंगरावर न्यायचं ठरवलं. वाऱ्यामुळे केबल कार बंद होती, पण १९०२ पासून दोरखंडाने ओढली जाणारी ट्राम चालू होती. वर धुकं, आणि धुक्यात लांब शिंगांचा पांढराशुभ्र बोकड. व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या कळपातून आलेल्या काश्मिरी शेळ्यांचा हा वंश. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हीच मंडळी खाली गावात उतरून लोकांची कुंपणं खात हिंडली होती.

"काश्मीरचा? म्हणजे आपलाच की!" आत्या खुलली. "काय रे, थंडी नाही वाजत?" बोकड चरत राहिला.

मलाही हुरूप आला. सांगितलं, की वेल्श पलटणीत असाच बोकड रीतसर नोकरीला असतो. २००६ साली एकाने एलिझाबेथ राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात शिस्त मोडली, तर त्याला लान्स कॉर्पोरलचा साधा शिपाई केला. तीन महिन्यांनी सुधारला आणि हुद्दा परत मिळाला.

आत्या बोकडाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

"तीन महिन्यांत? आणि तू किती वर्षं आहेस रे त्याच हुद्द्यावर?"

परतीची ट्राम सुटायला अजून वीस मिनिटं होती.