मालिका सुचवावी, पण बघू देऊ नये

‘सध्या बघण्यासारखं काही आहे का रे?’ असं कुणी विचारलं, तर त्याला उत्तर हवंय असा गैरसमज करून घेऊ नका. तुमची अभिरुची चारचौघांत मांडायची ही चालून आलेली संधी आहे. ती दवडायची नसेल तर तीन प्रश्न चुकूनही विचारायचे नाहीत: रोज किती वेळ मिळतो, टीव्हीसमोर आणखी कोण कोण बसतं, आणि याआधी कुठली मालिका शेवटपर्यंत बघून झाली. या तिन्हींची उत्तरं मिळाली की बहुतेकदा एकच नाव पुढं येतं, समोरचा ते बघायला लागतो आणि विषय दोन मिनिटांत मिटतो. मग एवढ्या वर्षांच्या व्यासंगाचं काय लोणचं घालायचं?

सुरुवात ‘द वायर’ या अमेरिकन पोलीस मालिकेनं करावी, मग समोर कुणीही असो. सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडून रात्री नऊला घरी टेकणारा असेल तर फारच उत्तम. पाच सीझन, साठ भाग, एकेक भाग तासाच्या आसपास. रोज एक बघितला तरी दोन महिने. हा हिशेब आपण द्यायचा नसतो. आपण एवढंच म्हणायचं, ‘सुरुवातीला जरा संथ वाटेल, पण सोडू नकोस.’ संथ का वाटेल हे मात्र गुलदस्त्यात ठेवावं, नाहीतर माणूस तग धरायचा. ज्या फोन-टॅपिंगवरून मालिकेला नाव पडलं, ते मार्गी लागायलाच पहिल्या सीझनचे चार-पाच भाग जातात. तोवर पोलीस खात्यातले हेवेदावे नि कागदोपत्री रडारड, आणि वस्तीच्या मधल्या पटांगणात सोफा टाकून बसलेली, गर्द विकणारी पोरं. शिवाय दर सीझनला बाल्टिमोर शहराचा एक नवा कोपरा उघडतो: आधी पोलीस आणि अमली पदार्थांचा धंदा, मग बंदर, मग महापालिकेचं राजकारण, मग शाळा, शेवटी वर्तमानपत्र. दुसऱ्या सीझनला एकदम गोदीतली अनोळखी माणसं दिसली की ‘चुकून दुसरंच काही लागलं की काय’ असं वाटून पुष्कळजण तिथं गळतात. ‘इंग्रजी सबटायटल चालू ठेव, पहिले चार भाग शनिवार-रविवारात सलग बघ, आणि दुसऱ्या सीझनला माणसं बदलली तर घाबरू नकोस’ एवढं सांगितलं तर हा गृहस्थ पार होईल. म्हणूनच सांगायचं नाही. तो तिसऱ्या भागाला सोफ्यावर झोपला पाहिजे. पुढं वर्षभर भेटेल तिथं ‘काय, वायर झाली का?’ असं विचारून त्याचा ओशाळलेला चेहरा बघता येतो, आणि या मालिकेतून मिळणारं हे सुख लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आलं नसेल.

केमिस्ट्रीचा मास्तर अमली पदार्थ बनवायला लागतो त्या ‘ब्रेकिंग बॅड’च्या बाबतीत अडचण अशी की ती माणसाला आपोआप धरते. पहिला सीझन अवघ्या सात भागांचा. २००७-०८ च्या हॉलिवूडच्या लेखकांच्या संपामुळं तो आखूड राहिला. साडेपाच-सहा तासांत आपल्याला झेपतंय की नाही हे कुणालाही कळतं. हे सात भाग लपवावेत. ‘पूर्ण ६२ भाग आहेत, आणि खरी चौथ्या सीझनला रंगते’ असं म्हणावं. बघून झालेला भेटलाच तर तिसऱ्या सीझनचा दहावा भाग काढावा. जवळजवळ अख्खा भाग प्रयोगशाळेत, दोन माणसं आणि एक माशी. पैसे वाचवायला एकाच जागेत उरकलेला तो भाग. काहींना तो मालिकेचा कळस वाटतो, काहींना वाया गेलेला पाऊण तास. कुठलीही बाजू घ्या, पण समोरच्याची ऐकून मग उलटी घ्या. खर्च वाचवण्याच्या सक्तीतून दोघांमधला अपराधभाव आणि न बोललेलं सत्य लेखकांनी कसं बाहेर काढलं, ही खरी बोलण्याजोगी गोष्ट. पण ती काढली की दोघंही विचारात पडतात आणि वादाचा विचका होतो.

आता भाषा. जर्मन ‘डार्क’ सुचवताना बजावून सांगायचं, ‘डब केलेली बघितलीस तर माझ्याशी बोलू नकोस.’ मत वाईट नाही. मूळ आवाजात ती खरंच वेगळी लागते. पण ज्याला सांगताय तो बघणार कसा, हा विचार मनात आणू नये. चार कुटुंबं, ३३ वर्षांच्या फरकानं १९५३, १९८६ आणि २०१९, आणि एकच माणूस तीन वयांत तीन वेगळ्या नटांनी केलेला. एकूण भाग २६ च आहेत, पण फोनवर नजर टाकली आणि नाव निसटलं की संपलं. जाणकार माणूस पहिल्या भागाआधी पाठकोरा कागद नि पेन्सिल हातात देतो: कुटुंबाला एक रकाना, नाव आलं की टिपायचं, वेगळ्या सालात तोच माणूस दिसला की रेघ ओढायची. दुसरा सीझन पहिल्यानंतर आठवड्याभरात सुरू करायचा, कारण महिना गेला की कोण कुणाचा बाप हे विसरायला होतं. तुम्ही यातलं काही सांगू नका. वंशावळीचा आयता तक्ता मात्र इंटरनेटवर शोधायला लावा. त्यातच शेवट लिहिलेला असतो.

सबटायटलवरून आठवलं. ज्या घरात साडेसात ते दहा टीव्ही चालू असतो आणि त्याच वेळात मेथी निवडली जाते, त्या घराला तर हटकून सबटायटलवाल्याच मालिका सुचवाव्यात. मेथीची जुडी सोडली, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, पानं एकीकडं, देठ दुसरीकडं, मधूनच पिवळं पान उचलून बाजूला. या कामात डोळे खाली असतात. रोजची मराठी मालिका नेमकी अशा डोळ्यांसाठी घडवलेली असते. म्हणून पात्रं स्वतःला काय वाटतंय ते मोठ्यानं बोलतात, फोनवर आलेला निरोप वाचून दाखवतात, दारात कोण आलं ते नावानिशी उच्चारतात. म्हणून पार्श्वसंगीत धडाम् वाजतं, कारण ती मान वर करायची सूचना आहे. आणि मान वर करून, चष्मा सावरून बघेपर्यंत वेळ जातो म्हणून एकच धक्का तीन चेहऱ्यांवर तीन वेळा दाखवतात. कामाची गोष्ट आहे, फुकटचा बावळटपणा नाही. पण हे मान्य केलंत तर मराठी मालिकांची टिंगल करायची कशी? तेव्हा मान्य करू नका.

टिंगलीची पूर्वतयारी सोपी आहे: १९९९ च्या ‘आभाळमाया’नंतर एकही मराठी मालिका सलग आठवडाभर बघितलेली नसावी. बघितली की हिशेब कळायला लागतो, आणि हिशेब कळला की जीभ जड होते. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती काढल्या तर हातात साधारण २२ मिनिटं राहतात. आठवड्याला सहा भाग, म्हणजे १३२ मिनिटं. दर आठवड्याला एक पूर्ण चित्रपट लिहायचा, चित्रित करायचा, जोडायचा, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. हाताशी आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक असेल तर ठीक. ती आटली की आज रात्री दिसणारा प्रसंग कालपरवा चित्रित झालेला असतो. दर गुरुवारी टीआरपी येतो, आकडा घसरला की ट्रॅक बदलतो, आणि सज्जन दिराचा सोमवारपासून खलनायक होतो. मुख्य भूमिकेतलं माणूस सोडून गेलं तरी कथा थांबत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनायाची भूमिका मध्येच दुसऱ्या अभिनेत्रीकडं गेली आणि पुढं पुन्हा पहिलीकडं आली. प्रेक्षकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि जेवायला वाढून घेतलं.

याच्याशी तुलना कशाची करावी? ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकेची. एकूण भाग १२, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. आपल्याकडं तेवढे भाग पंधरवड्यात संपतात. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली ती २०१३ ला थांबली, तीन हजारांवर भाग करून. या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकून ‘आपल्याकडं लिहिताच येत नाही’ असा निष्कर्ष काढायचा. कुणी ‘अग्निहोत्र’चं नाव काढलं, म्हणजे नाशिकचा वाडा, पांगलेलं कुटुंब, आठ गणपतींचा माग आणि २०१० मध्ये आटोपलेली गोष्ट, किंवा ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्षाच्या आत संपवली याची आठवण दिली, तर ‘ते अपवाद’ म्हणून हात झटकावेत. दोन्हींत शेवट कुठं आणायचा ते ठाऊक असल्याचं जाणवतं. बाकीच्यांत शेवट गुरुवार ठरवतो, हा मुद्दा निघाला की लगेच चहा मागवावा.

‘रात्रीस खेळ चाले’ सुचवायची पाळी आली तर क्रमाचा घोळ घालायला भरपूर वाव आहे. पहिलं पर्व २०१६ चं: सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, घरचे कर्ते अण्णा नाईक जातात आणि सगळं कुटुंब गोळा होतं. दुसरं २०१९ चं, पण गोष्ट आधीची. अण्णा जिवंत, त्यांच्या आयुष्यात शेवंता आलेली. तिसऱ्यात दोघंही भुतं होऊन हजर. ज्याला रहस्य हवं त्यानं पहिल्यापासून सुरू करावं. ज्याला अण्णांचा दरारा आणि मालवणीचा ठसका हवा त्यानं सरळ दुसऱ्यापासून, काही बिघडत नाही. तुमचं काम एवढंच: त्यानं जिथून सुरुवात केली असेल, ती चुकली असं सांगणं.

नकलेचा आरोप हाही हुकमी पत्ता. ‘आई कुठे काय करते’ बघणाऱ्या मावशींना इंदूरची वहिनी फोनवर म्हणते, ‘ही तर आमच्या अनुपमाची कॉपी!’ तारखा बघितल्या तर मराठी मालिका २०१९ च्या डिसेंबरातली, हिंदी २०२० ची, आणि दोघींचं मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. पण तारखा बघू नयेत. तारखांनी घरोघरचे वाद मिटायला लागले तर दिवाळीत बोलायचं काय?

कुटुंबाला सुचवताना विशेष काळजी घ्यावी. सासरे, धाकटा दीर आणि आठवीतली पुतणी अशी बैठक असेल तर ‘मिर्झापूर’ सांगावं आणि वर ‘थोड्या शिव्या आहेत’ अशी पुस्ती जोडावी. सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात वयाची खूण येते, ‘ए’ किंवा ‘१६+’, आणि तिच्या शेजारी हिंसा, भाषा वगैरे कारणंही असतात. ती काही सेकंदंच टिकते. तेवढ्यात सगळ्यांना शेव-चिवड्याच्या बशीकडं वळवायचं. नंतर रिमोट शोधताना जी धांदल उडते ती कुठल्याही पटकथेत नाही. ‘पंचायत’चं नाव मात्र अगदीच नाइलाज झाला तर घ्यावं. पहिला सीझन आठ भागांचा, एकेक भाग अर्ध्या-पाऊण तासाचा, एका रविवारी संपतो आणि आजीही हसते. असल्या सोप्या शिफारशीनं कुणाचं नाव होत नाही.

कथा फोडायची नाही, हा नियम कडक पाळावा, आणि फक्त शेवटाबद्दल बोलावं. ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन माफिया मालिकेची चर्चा निघाली की ‘तो काळा पडदा!’ एवढंच म्हणून उसासा टाकायचा. २००७ मध्ये शेवटच्या भागात मधेच पडदा काळा झाला तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत केबल गेली असं वाटलं. तुमच्या श्रोत्याला ती मौज कधीच मिळणार नाही. ८६ भाग तो काळ्या पडद्याची वाट बघेल. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या तिसऱ्या सीझनवर पोचलेल्याला आठव्याबद्दल आताच सावध करावं: सहाच भाग, घाईगर्दी, एका प्रसंगात टेबलावर विसरलेला कॉफीचा कप, आणि पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांवर लोकांच्या सह्या. कप नंतर पुसून टाकला, तरी तुम्ही तो शोधायला लावा. आठव्यातला रात्रीच्या लढाईचा भाग मात्र दुपारी, खिडकी उघडी ठेवून बघायला सांगावा. काहीही दिसत नाही. दिवे मालवून, टीव्हीचं चित्र ‘सिनेमा’वर टाकून आणि नेटचा वेग असेल तेव्हा बघितला तर बरंच दिसतं, पण एवढं कोण सांगत बसतो.

कुठं बघायला मिळेल, या प्रश्नाचं उत्तर ‘असेल रे कुठंतरी’.

एवढं सगळं करूनही एखादा चिवट निघतो. सुचवलेलं बघतो, संपवतो आणि वर ‘मस्त होती’ म्हणून फोन करतो. अशा वेळी मालिकेविषयी बोलायचं नाही. ‘समांतर’ असेल तर म्हणावं, ‘सुहास शिरवळकरांची कादंबरी वाचलीस का? मग काय बघितलंस!’ ‘सेक्रेड गेम्स’ असेल तर विक्रम चंद्रांची नऊशेच्या आसपास पानांची कादंबरी त्याच्या अंगावर सोडावी, आणि दुसऱ्या सीझननं कथा कुठं हातची घालवली हे पानांच्या हवाल्यानं सांगू लागावं. पुस्तक खरंच वाचलेला कुणी जवळपास बसला असेल, तर मात्र पंखा जरा कमी करता का म्हणून विचारावं आणि उठावं.