आवाज कुठून येऊन राहिला?

आज सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात इलेक्ट्रिशियन. खांद्याला थैली, हातात टेस्टर.

"कूलरमधून आवाज येऊन राहिला म्हणे."

मी त्याला बोलावलं नव्हतं. कोणी पाठवलं हे विचारायचीही गरज नव्हती.

रविवारी संध्याकाळी नागपुरात आमच्या खामल्याच्या बिल्डिंगमधल्या सहा जणांना मी पियानो ऐकायला घरी बोलावलं होतं. कशाला बोलावलं, हे बायको तेव्हापासून रोज एकदा विचारते. मुलानं नवे स्पीकर पाठवले होते, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागल्यामुळे कोणी कुठे जाणार नव्हतं, आणि मला वाटलं चार माणसांत बसून ऐकावं. एवढाच गुन्हा. मोझार्टचा ए मेजर सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची तीन भागांची रचना, ज्याच्या शेवटी तो जगप्रसिद्ध 'तुर्की मार्च' येतो तोच. वाजवणारा ग्लेन गूल्ड.

हा गूल्ड टोरांटोचा. १९३२चा जन्म, १९८२मध्ये पन्नाशी गाठली आणि गेला. माणूस तऱ्हेवाईक. भर उन्हाळ्यात ओव्हरकोट, मफलर, हातमोजे. वाजवायला बसण्याआधी गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. (आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नुसता बेसिनचा नळ सोडला असता तरी त्याचं काम झालं असतं. आम्ही सकाळीच बादल्या भरून ठेवतो, दुपारी हात भाजू नयेत म्हणून.) १९६४मध्ये, ऐन भरात असताना, त्यानं लोकांसमोर वाजवणं कायमचं सोडलं आणि स्टुडिओत जाऊन बसला. का सोडलं याची त्यानं बरीच भारदस्त कारणं दिली आहेत. खरं कारण मला रविवारी कळलं.

सोनाटा सुरू झाला. पहिल्या भागावर मोझार्टनं 'अंदान्ते ग्राझियोसो' असं लिहून ठेवलंय, म्हणजे चालण्याच्या गतीनं, डौलात. गूल्ड ती सुरुवातीची धून इतकी सावकाश वाजवतो की एक स्वर पडला की पुढचा येतो की नाही याची काळजी लागते. मग त्याच धुनेच्या एकेका व्हेरिएशनला, म्हणजे बदललेल्या रूपाला, वेग वाढवत नेतो. पाचव्यावर मोझार्टनं स्पष्ट 'अडाजिओ', म्हणजे संथ, असं लिहिलंय, तिथे हा पठ्ठ्या न थांबता पुढे निघून जातो. हे सगळं मी आधीच सांगायला हवं होतं. १९६२मध्ये न्यू यॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये याच गूल्डबरोबर ब्राम्सचा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीनं पियानो, करताना लिओनार्ड बर्नस्टाइननं आधी श्रोत्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं होतं, की बाबांनो, ही लय काही मला पटलेली नाही. एवढा मोठा कंडक्टर हात झटकून मोकळा झाला. मी पन्हं वाटत बसलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं दोन मिनिटांत सुचवलं, "काका, दीडपट स्पीडवर लावा न." डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले तेव्हा मी सुखावलो. मग त्यांची मान कलंडली.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी हात वर केला.

काका वीज मंडळातून रिटायर झालेत. बिल्डिंगमधला प्रत्येक फ्यूज त्यांना नावानिशी ओळखतो.

"थांबा. आवाज कुठून येऊन राहिला?"

"पियानोचा?"

"पियानो नाही जी. त्याच्या मागं. ऊं ऊं करून राहिलं काहीतरी. तुमच्या कूलरचा बुश गेला."

मला ठाऊक होतं ते काय आहे. गूल्ड वाजवताना गुणगुणायचा. लहानपणी आईनं स्वर गाऊन गाऊन वाजवायला शिकवलं, ती सवय जन्मभर गेली नाही. रेकॉर्डिंगवाल्यांनी नाना उपाय केले आणि हात टेकले. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काकांनी उठून कूलर बंद केला होता.

मे महिन्यातलं नागपूर ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावला की ती तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी लागते. दोन मिनिटांत सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले. गुणगुण चालूच.

काकांचा चेहरा खुलला. साधा फॉल्ट नव्हता तर.

"फ्रीज पाहू."

"अहो, आमरस आहे त्यात!" बायको आतून ओरडली. तोवर प्लग निघाला होता. मग स्टॅबिलायझर. मग इन्व्हर्टर, काका त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि बॅटरीला कान लावून, देवळात बसावं तसे डोळे मिटून ऐकत राहिले. खरं सांगतो, त्या संध्याकाळी इतकं मन लावून ऐकणारा माणूस तो एकच.

"लोडवर आहे," डोळे उघडून ते म्हणाले. "पाहा तुम्ही. तिकडं जोरात वाजवलं की हे जोरात येते. हळू वाजवलं की हळू. अर्थिंगचा लोचा आहे."

निरीक्षण अचूक होतं, हे मला कबूल करावं लागेल.

"काका, तो माणूसच गातोय. पियानोवाला."

"गाऊन राहिला?"

"हो."

"वाजवता वाजवता?"

"हो."

"मंग त्याले कोणी म्हटलं काहून नाही?"

"म्हटलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

"अन् हे करकर वाजून राहिलं ते?"

"ती त्याची खुर्ची. वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली, जमिनीपासून चौदा इंच. जगभर तीच बरोबर न्यायचा. पुढे बसायची गादी झिजून गेली तर नुसत्या चौकटीवर बसायचा."

काकांनी बराच वेळ स्पीकरकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "तेल तरी द्यायचं होतं न बापा तिले."

मी चिडलो. कूलर अजून बंदच होता, हेही एक कारण. म्हटलं, काका, वसंतराव देशपांडे सभागृहात तुम्ही पहिल्या रांगेत बसून विलंबित ख्याल ऐकता. एका मात्रेपासून दुसरीपर्यंत तबलजी पान लावून येईल, तेव्हा तुम्ही माना डोलावता. इथेच काय झालं?

"ते वेगळं," काका शांतपणे म्हणाले. "तो बिचारा मनातून शोधून राहिला असते. त्याले वेळ लागनारच. याच्यापुढं तर छापलेला कागद आहे. लिहिलेलं वाचायले एवढा टाइम?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते सापडत नाही म्हणूनच हे लिहायला बसलो असेन.

मग तुर्की मार्च आला. धून सगळ्यांच्या ओळखीची. कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर कधीतरी वाजलेली. सगळे सावरून बसले, डॉक्टरीणबाई जाग्या झाल्या. पण गूल्ड इथेही घाई करत नाही. मोझार्टनंही 'अलेग्रेत्तो'च लिहिलंय, जरा चपळ, एवढंच. तुर्की शिपायांचा बँड आहे तो, ढोल-झांजा घेऊन पावलं टाकत निघालेला. पळत सुटलेला नाही. सगळं जग तो ट्रेन सुटायला आल्यासारखा वाजवतं, हा गूल्डचा दोष नाही. हेसुद्धा सांगणार होतो. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"आमची नात कॅसिओवर याच्या अर्ध्या वेळात वाजवते," ते म्हणाले. "अन् गात नाही."

सगळे हसले. बायकोही हसली. ते जास्त लागलं.

आमच्या रस्त्यावरून लग्नसराईत रात्री बारापर्यंत वरातीचे डीजे जातात. खिडक्यांच्या काचा थरथरतात, कपाटातली भांडी आपोआप वाजतात. तेव्हा मी कुणाला गॅलरीत येऊन आवाज कुठून येऊन राहिला हे विचारताना पाहिलेलं नाही. तेव्हा कुणाचा बुश जात नाही, कुणाचं अर्थिंग बिघडत नाही. फोन केला तर उलट मलाच ऐकवतात, जाऊ द्या न साहेब, एक दिवसाचं तर आहे. पण ज्याला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली असा एक माणूस स्वतःशीच हलकेच गुणगुणला, तर त्याच्यासाठी फ्रीज बंद! आमरस काळा पडला. तो सोमवारी मलाच खावा लागला.

एक गोष्ट मात्र मी रविवारी कोणाला सांगितली नाही. याच सोनाटाची कॅसेट मी पहिल्यांदा लावली तेव्हा डेक उचलून सीताबर्डीला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो होतो, स्लो चालतोय म्हणून. त्यानं बेल्ट बदलला, पैसे घेतले. घरी येऊन लावली तर तेवढीच स्लो. पुन्हा गेलो, भांडायला.

रविवारी रात्रीच बिल्डिंगच्या ग्रुपवर काकांचा मेसेज पडला: "आज दुसऱ्या मजल्यावर छान प्रोग्राम झाला. कूलरचा प्रॉब्लेम होता. दोन-तीन दिवसांत दुरुस्त होईल." चौदा अंगठे.

तर, इलेक्ट्रिशियन. त्याला परत पाठवणार होतो, पण तोवर त्यानं कूलरची मागची ताटी काढून मोटर उघडलीसुद्धा होती. दहा मिनिटांनी तळहातावर काहीतरी घेऊन आला. काळ्या तेलात माखलेलं, एका बाजूनं पार झिजून गेलेलं कडं.

"बुश गेलाच होता तुमचा," तो म्हणाला. "काकाचा कान लय पक्का आहे."

साडेतीनशे रुपये. कूलर आता असा चालतो की चालू आहे हे हात लावून पाहावं लागतं. तो थैली आवरत होता, मला राहवलं नाही, मी सोनाटा लावला. पहिल्यांदाच सगळं लख्ख ऐकू आलं: एक स्वर, मग पुढचा, मध्ये खुर्चीची करकर, आणि मागे ती गुणगुण, आजवर कधी आली नव्हती इतकी स्वच्छ.

इलेक्ट्रिशियन दारातच थबकला. मान तिरकी करून त्यानं ऐकलं. थैली पुन्हा खाली ठेवली.

"भाऊ, फ्रीजपन पाहून घेऊ काय?"