गच्ची माझी, साहेब शेजारचे

गच्ची माझी, लाईटबिल माझं, कर्ज काढलं तर तेही माझ्याच नावावर. पण सोलरच्या सर्व्हेला आलेल्या पोरानं ‘साहेब’ म्हटलं ते शेजारच्या अण्णांना. मला म्हणाला, “दादा, टेपचं टोक जरा तिकडं धरा.” मेचा पहिला आठवडा, दुपारचे साडेबारा, आणि मी माझ्याच गच्चीच्या कोपऱ्यात टेप धरून उभा.

अण्णा माझ्या गच्चीवर का, हा प्रश्न मंगळवार पेठेत विचारायचा नसतो. अनोळखी माणूस जिना चढताना दिसला, एवढं कारण पुरतं. डोक्यावर टॉवेल, हात कमरेवर.

“कोल्हापूरचं ऊन म्हंजे नाद खुळा! जेवढं तापंल तेवढा करंट जास्त. व्हय का न्हाई भावा?”

“बरोबर आहे साहेब.”

काडीचं बरोबर नाही. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नव्हे. पॅनेलवर छापलेले वॅट आतल्या सेलचं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चकत्यांचं, तापमान 25 अंश धरून असतात. मेच्या दुपारी सेल 65 अंशांच्या घरात जातो. दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरली, तर 14 टक्के तिथंच गेले. म्हणून तर पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवत नाहीत, खालून वारा खेळावा लागतो. हे सगळं मी टेप न सोडता सांगितलं.

“म्हंजे थंडीत बरं चालतंय म्हणतोस?”

“स्वच्छ ऊन आणि हवा गार असली तर होय, अण्णा.”

“मग वर बरफ घाल की!”

पोरगा खो खो हसला. गिऱ्हाईक मी होतो.

मग त्यानं टाकीकडं हात केला. “सावलीचा प्रॉब्लेमच नाही. आरामात तीन किलोवॅट बसतंय.” अण्णांनी वाकून खातरी केली. “सावलीच न्हाई गा!”

नसणारच. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोही साडेबाराच्याच सुमारास. त्या वेळी महालक्ष्मीच्या शिखराचीही सावली लांब पडत नाही, माझ्या टाकीची काय कथा! डिसेंबरात मात्र सूर्य भर दुपारीही दक्षिणेला 50 अंशांपर्यंतच चढतो. टाकीचा माथा पॅनेलपेक्षा सहा फूट वर असेल तर दुपारी पाच फूट सावली उत्तरेला, साडेतीनला दहा फूट ईशान्येला. पॅनेल एकाच माळेत जोडलेली. सावलीतला भाग वगळून करंट पुढं नेणाऱ्या बायपास डायोडमुळं सगळी माळ बंद पडत नाही, पण तेवढा भाग फुकट जातो. टाकी दक्षिणेला, पॅनेलची तोंडंही दक्षिणेला. मोबाईलवर सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणारी ॲप मिळतात. पण ती उघडायला टेप सोडावी लागते.

“आणि लाईट गेली तर हे चालणार न्हवं?” अण्णांनी पहिल्यांदाच कामाचं विचारलं. पोरगा बुटाचे बंध बघू लागला. उत्तर मीच दिलं: ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनीला जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःच बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातनं शॉक बसायचा. बॅटरी हवी तर हायब्रीड इन्व्हर्टर घ्यायचा, आणि पैसे वेगळे.

“म्हंजे वर सूर्य, खाली मेणबत्ती! कसली गा ही स्कीम?”

कोटेशन संध्याकाळी आलं. अण्णांच्या व्हॉट्सॲपवर. त्यांनी आधी ते गल्लीच्या ग्रुपवर टाकलं आणि मग मला. ‘अर्थिंग: साईटनुसार’. अरे, पॅनेलचं, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचं आणि आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं अशी तीन वेगळी अर्थिंग लागतात, हे लिहायला कसली साईट बघायची? स्ट्रक्चर नुसतं ‘लोखंडी’. हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, की नुसता रंग मारलेलं, पत्ता नाही. पावसाळाभर ते भिजणार आणि त्याआधी वळवाचं वारं खालून पॅनेल उचलायला बघणार. अनुदानाला देशी सेलची, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतात, तेही कुठं लिहिलेलं नाही. ‘25 वर्षे वॉरंटी’ मात्र ठळक अक्षरात. ती वीजनिर्मितीची असते, इन्व्हर्टरची बरीच कमी, हे बारीक अक्षरातही नाही.

माझा वापर महिन्याला 200 युनिट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी. म्हणजे दोन किलोवॅट पुरे, आणि टाकीपासून लांब तेवढीच जागा आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना 60,000 रुपये अनुदान मिळतं, तिसऱ्यासाठी फक्त 18,000. ते तिसरं घेऊन टाकीच्या सावलीत ठेवायचं?

“अठरा हजार सोडतोस? खुळा हाईस का?” अण्णा जिन्यातनंच ओरडले. “तीनच घे! आणि स्ट्रक्चर आठ फूट उंच कर. उन्हाळ्यात खाली खाट टाकाय बरी सावली हुतीया.”