मुंजीच्या पंगतीत युरोप कसा बुडवावा

गेल्या महिन्यात भाच्याच्या मुंजीला पुण्यात आले होते. मातृभोजन झालं, बटू फोटोंना वैतागून एकदा रडून झाला आणि पंगत बसली. (हो, पंगतच. बुफे नाही. आत्याचा हट्ट.) माझ्या पानात मसालेभात पडतोय न पडतोय तोच शेजारच्या काकांनी विचारलं, "काय गं, तुमच्याकडे शरिया लागू झाला म्हणे?"

मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात अकरा वर्षं राहते. म्हटलं, नाही हो काका, असं काही... बस, एवढंच. पुढचं वाक्य जिलबीची दुसरी फेरी आली तरी माझ्या तोंडातच होतं. इंग्लंड तर अळूचं फदफदं वाढत होते तेव्हाच गेलं, फ्रान्स मठ्ठ्यासोबत गेला, स्वीडन कधी गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. हात धुवायला उठलो तेव्हा अख्खा खंड बुडालेला होता आणि काका विडा शोधत होते.

तेव्हापासून वाटतंय की ही एक कला आहे आणि आपल्याला ती येत नाही. तुम्हालाही येत नसेल तर पुढच्या लग्नसराईच्या आत शिकून घ्या. मी काकांच्या शेजारी बसून जेवढं टिपलं तेवढं देते.

सगळ्यात आधी, नकाशा बघायचा नाही. युरोप हा एकच देश आहे आणि तिथे "ते लोक" राहतात, एवढं भूगोलाचं ज्ञान पुरतं. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) नाही, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युनियनमध्ये नाही, नॉर्वेचंही तसंच, आणि ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युनियनमधून बाहेर पडलं तरी स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टातून पडलं नाही कारण ते कोर्ट युनियनचं नाहीच मुळी, ते ४६ देशांच्या वेगळ्याच एका कौन्सिलचं आहे, असलं काही सांगत बसलात तर समोरचा ताकभातावर येतो आणि तुम्ही अजून वरणावरच. त्यापेक्षा "युरोपची वाट लागली." तीन शब्द. संपला विषय.

दुसरं, आकडा. आकडा पाहिजेच, पण त्याला आईबाप नको. मी इथे नवशिक्यासारखी चूक केली. काका म्हणाले २०५० पर्यंत अर्धा युरोप मुसलमान होणार, आणि मी अडाण्यासारखी प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेचा २०१७ चा अंदाज सांगायला गेले, की २०१६ मध्ये प्रमाण ४.९ टक्के होतं, आणि २०५० ला स्थलांतर पूर्ण थांबलं तर ७.४, मधलं राहिलं तर ११.२ आणि धो धो लोक येत राहिले तरी १४ टक्क्यांच्या आसपास. काकांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पानात उष्टं टाकलंय. "हे सगळं मॅनेज केलेलं असतं गं." तुमचा आकडा कुठून आला काका? तर जावयाच्या मित्राने पाठवलाय, तो आयटीत आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूजवर एका एक्स्पर्टने इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये म्हणे फक्त मुसलमानच राहतात असं ठोकून दिलं होतं आणि नंतर चॅनेलला माफी मागावी लागली. तुमचं चॅनेल नाही, त्यामुळे तुम्हाला ती अडचण नाही.

तिथे राहणाऱ्या माणसाला मत विचारू नये. फक्त टेंपरेचर विचारावं.

आता मला कोणी विचारलंच असतं तर मी सांगितलं असतं की आमच्या गावात भांडणं कशावरून होतात. घरभाडं. पाळणाघरात जागा नाही. घरात गॅसचा हीटर ठेवायचा का हीट पंप बसवायचा. ट्रेन लेट. आणि स्टुटगार्टचं नवीन स्टेशन, जे २०१० पासून खणतायत आणि २०१९ ला उघडणार होतं, ते २०१९ कधीच येऊन गेलं. माझ्या शेजारीण आजी या एका विषयावर पाऊण तास बोलू शकतात, आणि त्यांचं ऐकून मला दर वेळी घरची आठवण येते. पण हे काही कामाचं नाही. काकांनी तर युरोप प्रत्यक्ष बघितलेला आहे, दहा दिवसांत सात देश, स्वयंपाकाला सोबत महाराज, रोज रात्री वरणभात.

युक्रेनवर वेळ घालवू नका. "नाटोनेच डिवचलं" म्हणा आणि पापड मोडा. मग फिनलंड एवढी वर्षं नाटोच्या बाहेर बसलेलं, रशियाशी १३४० किलोमीटरची बॉर्डर असलेलं, ते एप्रिल २०२३ मध्ये आत का पळालं आणि पुढच्या वर्षी स्वीडन का गेलं, असं कोणी विचारलंच तर परराष्ट्रमंत्री जयशंकरांचं २०२२ चं ब्रातिस्लाव्हातलं वाक्य फेकायचं, की युरोपचे प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न, पण जगाचे प्रश्न म्हणजे युरोपचे प्रश्न नाहीत, या मानसिकतेतून युरोपने बाहेर यावं. वाक्य चांगलंच आहे, मलाही तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं का बोलू. पण आता ते कुठेही घालतात. परवा कोणीतरी कांद्याच्या भावावर घातलं.

वीज. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, हा जर्मन लोकांचा मूर्खपणा. (निम्मं मलाही पटतं. रशियाचा गॅस बंद झाल्यावर तर जास्तच.) फ्रान्स बघा कसा हुशार. इथपर्यंत काका अगदी रंगात होते. माझ्या तोंडून जैतापूर निघालं आणि पंगतीत शांतता पसरली, कारण काकांचं मूळ गाव त्याच राजापूर तालुक्यात. तिथे म्हणे भट्टी नकोच, आंबा जाईल, मासळी जाईल. तिथे जी फ्रेंच ईपीआर भट्टी यायची आहे ना, त्याच जातीची फ्लामांव्हिलची भट्टी फ्रान्सने २००७ ला बांधायला घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये एकदाची ग्रिडला जोडली, हे सांगितलं असतं तर काकांच्याच बाजूचं झालं असतं. पण म्हटलं ना, नियम क्रमांक जो काही असेल तो. टेंपरेचर.

ब्रेक्झिटला "मर्दासारखा निर्णय" म्हणायचं. दर आठवड्याला पस्तीस कोटी पौंड वाचणार लिहिलेल्या त्या लाल बसचं पुढे काय झालं ते विचारायचं नाही.

आणि आता मुख्य पदार्थ. बाहेरून आलेले लोक.

यात मेख अशी आहे की "ते" आणि "आपण" यांच्यात गल्लत होऊ द्यायची नाही. २०१५ ला जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केलबाईंनी निर्वासितांना दार उघडलं, त्या एका वर्षात नऊ लाखांच्या आसपास लोक आले, ते "ते". आपली मुलं मास्टर्स करून ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांचा कामाचा परवाना) राहतात, ती "टॅलेंट". आपलं सरकार २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार करतं की दहा हजार मराठी मुलं पाठवतो, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, तेव्हा ते स्थलांतर नसतं, ती "संधी" असते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजार करायचं जाहीर केलं तेव्हा काकांनी पेढे वाटले नाहीत एवढंच. सीरियन माणूस मात्र घाण. जर्मनीत जे परदेशी डॉक्टर आहेत त्यात सगळ्यात मोठा गट त्या सीरियन लोकांचा, सहा हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाला आणि इथले पुढारी लगेच "आता जा परत" म्हणायला लागले, तर आधी हॉस्पिटलवाल्यांच्या पोटात गोळा आला. माझी मुलगी झोक्यावरून पडली तेव्हा रात्री अकरा वाजता तिच्या हाताला प्लास्टर घालणारा माणूस अलेप्पोचा होता. तिला घोड्याचं चित्र काढून दिलं प्लास्टरवर. कुत्र्यासारखं दिसत होतं. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "अपवाद."

बरं, तिकडे कोणी मोठा झाला की तो आपला. लिओ वराडकर म्हणजे आपल्या मालवणातल्या वराडचा माणूस, आयर्लंडचा पंतप्रधान झाला, गावात फटाके! वडील डॉक्टर, गेले आणि राहिले, म्हणजे स्पष्ट मराठीत सांगायचं तर स्थलांतरित. २०१९ संपता संपता तो वराडला आला तेव्हा सोबत त्याचा जोडीदारही होता, तो भाग काका जरा खोकून घेतात. अंतोनियो कोश्ता, युरोपियन कौन्सिलचा (म्हणजे युनियनच्या देशप्रमुखांच्या परिषदेचा, ते कोर्टवालं कौन्सिल वेगळं) अध्यक्ष, तोही आपला, मडगावात घर आहे त्यांचं, कार्डसुद्धा ओसीआयचं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं, आहे. बुडालेल्या खंडाच्या डोक्यावर आपला माणूस बसलाय याचा अभिमान आणि त्या खंडात बाहेरचे लोक घुसले याचा संताप, दोन्ही एकाच घासात. मला अजून जमत नाही. मला ठसका लागतो. आणि गोव्याचे ते हजारो लोक, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्या आजीच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट इंग्लंडमधल्या स्विंडनला कामाला गेलेले, त्यांना कुठल्या डब्यात टाकायचं ते काकांनी अजून ठरवलेलं नाही. ब्रेक्झिटनंतर त्यांनाही तिथे राहण्यासाठी नव्याने अर्ज करावे लागलेच की. त्याच मर्दासारख्या निर्णयामुळे.

मग काका म्हणाले, "ती तुमची नवीन पार्टी बरोबर बोलते. एकेकाला उचलून परत पाठवलं पाहिजे."

एएफडी, जर्मनीतला कट्टर उजवा पक्ष. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं, देशात दुसरा नंबर. त्यांचा आवडता शब्द रीमायग्रेशन, म्हणजे बाहेरून आलेल्यांना परत पाठवणं. मी काकांना विचारलं, कुणाला उचलून? म्हणाले, "त्यांना. आपल्याला कशाला?"

आपल्याला कशाला.

काका, गेल्या वर्षी मी लोकलमध्ये मुलीशी मराठीत बोलत होते. समोरचा एक माणूस, अगदी इस्त्रीचा शर्ट वगैरे, म्हणाला इथे राहायचं तर जर्मनमध्ये बोलायचं, नाहीतर चालतं व्हायचं. त्याने माझं ब्लू कार्ड नाही मागितलं. मी किती टॅक्स भरते, माझी टिकली बघून मी हिंदू आहे का, माझे आजोबा कुठले, काही नाही विचारलं. त्याला एक काळी बाई दिसली. (त्या क्षणी मला इकडचं काय काय आठवलं ते लिहीत नाही, तो दुसरा वाद आहे.) मुलीने उतरल्यावर विचारलं की आई आपण हळू बोलायचं का. सात वर्षांची आहे ती.

आणि मला हे सांगायची गरजच पडायला नको होती, कारण तुमचा स्वतःचा मुलगा डब्लिनला आहे! जुलै २०२५ मध्ये तिथल्याच टाला भागात पोरांच्या टोळक्याने एका भारतीय माणसाला रक्त येईस्तोवर मारलं, त्याचे कपडे काढले, त्याच्यावर खोटेनाटे आळ घेतले. नंतर आपल्या दूतावासाला सूचना काढावी लागली की निर्जन जागी जाऊ नका, आणि ऑगस्टमधला भारतीयांचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. त्या पोरांनी काय विचारलं असेल हो? की बाबा तू "ते" का "आपण"? तुमच्या मुलाच्या कपाळावर "टॅलेंट" असं लिहून पाठवलंय का तुम्ही? तिकडे जे लोक रस्त्यावर उतरतात ते तुम्ही ज्या टाळ्या वाजवता त्याच ऐकतात, आणि त्यांच्या यादीत तुमचं कर्ज काढून शिकायला गेलेलं पोर आहे, माझी मुलगी आहे, तो अलेप्पोचा डॉक्टर पण आहे, आम्ही सगळे एकाच पानावर वाढलेले आहोत. युरोपात प्रश्न नाहीत असं कोण म्हणतंय? ढीगभर आहेत. सुऱ्या चालल्यात, हल्ले झालेत, आलेल्या सगळ्यांना भाषा आणि काम देणं झेपलेलं नाही, आम्ही रोज त्यावर वाद घालतो, माझं आणि माझ्या नवऱ्याचंच पटत नाही. पण आम्हाला दुसऱ्या दिवशी तिथेच उठायचं असतं. तुम्हाला पान टाकून वामकुक्षी घ्यायची असते. एकदा, एकदा तरी समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्या. मी तिथे राहते काका. मी जिवंत बसलेय तुमच्या शेजारी आणि तुम्ही मलाच सांगताय की माझं घर बुडालं!

यातलं मी अर्थात काहीच बोलले नाही. मुंज होती. मी जिलबी खाल्ली.

बेसिनपाशी काकू आल्या. नळ सोडून ठेवला, पाणी वाहतंय, आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्याची शिफ्ट रात्री साडेअकराला संपते गं. मी म्हणते टॅक्सीने ये, तर म्हणतो परवडत नाही. चालत येतो पंचवीस मिनिटं. फोन चालू ठेवायला सांगते मी. ठीक आहे ना तिथे तसं?" मी म्हटलं फोन चालू ठेवतोय ना, मग ठीक आहे. दुसरं काय म्हणणार.

निघताना काकांनी गोडा मसाला आणि मेतकुटाचा डबा हातात ठेवला, सेलोटेपने चारही बाजूंनी बांधलेला. मुलाला पाठव म्हणाले, तुला जवळच ना, सगळं शेंगेनच तर आहे.

डबा आत्ता माझ्या ओट्यावर आहे. सोमवारी पोस्टात टाकते. आयर्लंड युनियनमध्ये असल्यामुळे कस्टम्स लागत नाही.